गणपूरक आणि प्रतोद : पक्षांतराच्या प्रश्नाला विनयाची कसोटी

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या समारोपाच्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संसदीय कार्यपद्धती भारताला अपरिचित नव्हती, असे प्रतिपादन केले आणि त्याचा पुरावा म्हणून भिक्खुसंघाकडे बोट दाखविले. आसनव्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणसंख्या, प्रतोद, मतगणना, गुप्त मतदान, निषेधाचा ठराव आणि एकदा निकालात निघालेला प्रश्न पुन्हा न उकरण्याचा दंडक या सर्वांची जाण संघाला होती, असा त्यांचा दावा होता. आमच्या नियतकालिकांतून, जयंतीच्या विशेषांकांतून आणि वर्षावासातील प्रवचनांतून हा दावा असंख्य वेळा सांगितला गेला आहे. परंतु तो सांगून झाला की लेखणी थांबते. आपल्या वारशात संसद होती एवढ्यावर आपण समाधान मानतो. बाबासाहेब मात्र तेथे थांबले नव्हते. ही पद्धती भारताने एकदा गमावली, ती दुसऱ्यांदा गमावली जाईल काय, हा प्रश्न त्यांनी त्याच ओघात विचारला होता. त्या विधानातील अभिमान आपण उचलला. चिंता तेथेच राहिली.

सिद्धान्ताला केवळ वारसा मानले की त्याचा पुतळा होतो. त्याला कसोटी मानले तरच तो वर्तमानाशी बोलू लागतो. भिक्खुसंघाच्या कार्यपद्धतीसंबंधीचे बाबासाहेबांचे विधान ही जर राजकीय सिद्धान्ताची मांडणी असेल, तर आज आपल्या विधिमंडळांत जे चालले आहे त्याविषयी तिने काहीतरी सांगावयास हवे. प्रस्तुत लेखात आम्ही ती पक्षांतर आणि पक्षांतरबंदी या एकाच प्रश्नाला लावून पाहणार आहोत. कोणता पक्ष खरा आणि कोणता खोटा, हा आमचा विषय नाही. ज्या यंत्रणेतून हा निवाडा होतो, ती यंत्रणा आमच्या चर्चेचा विषय आहे.

कायदा आणि त्याचा अनुभव

१९८५ साली ५२ व्या घटनादुरुस्तीने संविधानाला दहावी अनुसूची जोडली गेली. पक्षाचे सदस्यत्व स्वेच्छेने सोडणारा, किंवा पक्षादेशाविरुद्ध मतदान करणारा अथवा मतदानापासून दूर राहणारा लोकप्रतिनिधी अपात्र ठरावा, अशी तिची तरतूद आहे. मात्र मूळ अनुसूचीत एक सवलत होती. विधिमंडळ पक्षाच्या एकतृतीयांश सदस्यांनी मिळून फूट पाडली तर ते अपात्र ठरत नसत. ही सवलत २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने रद्द झाली. दोनतृतीयांश सदस्यांची संमती असलेल्या विलीनीकरणाची सवलत तेवढी राहिली. अपात्रतेचा निर्णय सभागृहाच्या अध्यक्षांकडे सोपविण्यात आला.

महाराष्ट्रात २०२२ च्या जून महिन्यात जे घडले ते वाचकांच्या स्मरणात आहे. शिवसेनेतील आमदारांचा मोठा गट प्रथम सुरतेला व तेथून गुवाहाटीला गेला. राज्यपालांनी बहुमत सिद्ध करण्यास सांगितले. २९ जूनला मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला आणि ३० जूनला नवे सरकार आले. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. बहुमत चाचणीस बोलावण्याचा राज्यपालांचा निर्णय समर्थनीय नव्हता. प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नाही. म्हणून अध्यक्षांनी नव्या गटाच्या प्रतोदाला दिलेली मान्यता बेकायदेशीर होती, असे त्याने ठरविले. परंतु मुख्यमंत्र्यांनी चाचणीस सामोरे न जाता राजीनामा दिल्यामुळे पूर्वस्थिती आणता येत नाही, असेही सांगितले. अपात्रतेचा प्रश्न अध्यक्षांकडे परत गेला. न्यायालयाला मुदत घालून द्यावी लागली, तेव्हा १० जानेवारी २०२४ रोजी निर्णय आला. विधिमंडळातील बहुमत ज्या गटाकडे तोच पक्ष, असे ठरले. अपात्र मात्र दोन्ही बाजूंचा कोणीही ठरला नाही. राष्ट्रवादी काँग्रेसमधील २०२३ च्या फुटीनंतर १५ फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयातही असेच झाले.

या निर्णयांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. त्यातील बहुतेक लिखाण कोणाकडे किती आमदार होते या गणितात गुंतलेले आहे. जणू न्याय हा बेरजेचा विषय आहे! विनयपिटक हाती घेऊन हाच प्रश्न विचारला तर उत्तर निराळे येते.

मते मोजणारा कसा असावा?

संघाचे कार्य ञत्तीने, म्हणजे प्रस्तावाच्या निवेदनाने, सुरू होई. महत्त्वाच्या कार्यात त्यानंतर तीन वेळा अनुस्सावना होई. ज्याला मान्य असेल त्याने मौन पाळावे, मान्य नसेल त्याने बोलावे, असा नियम होता. वाद अन्य मार्गांनी मिटेनासा झाला, तर येभुय्यसिका, म्हणजे बहुमताने निर्णय करण्याची रीत होती. भिक्खूंना शलाका वाटल्या जात आणि त्यांवरून मत मोजले जाई. या शलाका वाटणाऱ्याला सलाकग्गाहापक म्हणत. ‘चुल्लवग्गा’त त्याच्यासाठी पाच अटी घातल्या आहेत. तो छंदाने, म्हणजे आपल्या आवडीने वाहून जाणारा नसावा. द्वेषाने जाणारा नसावा. मोहाने जाणारा नसावा. भयाने जाणारा नसावा. आणि कोणी शलाका घेतली, कोणी घेतली नाही, हे त्याला नीट कळावे.

या पाच अटींचा क्रम विचार करण्याजोगा आहे. मोजता येणे ही शेवटची अट आहे. पहिल्या चार अटी मोजणाऱ्याच्या मनाविषयी आहेत. धम्मपरंपरेत त्यांना चार अगती म्हटले आहे. निवाडा करणारा ज्या चार वाटांनी घसरतो, त्या या वाटा. विनयकारांना हे पक्के ठाऊक होते की बेरीज बरोबर असूनही निर्णय चुकीचा असू शकतो, कारण बेरीज कोणाची करावयाची हे आधी कोणीतरी ठरविलेले असते.

या कसोटीवर दहाव्या अनुसूचीतील अध्यक्ष कोठे उभा राहतो? तो स्वतः एका पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला असतो. सभागृहातील बहुमताच्या इच्छेवर त्याचे पद अवलंबून असते आणि त्या बहुमताचे भवितव्य ठरविणारा निर्णय त्यालाच द्यावयाचा असतो. छंद आणि भय या दोन अगती या पदाच्या रचनेतच बसविलेल्या आहेत. व्यक्ती कितीही सज्जन असली तरी रचना तिला त्या वाटेवर ढकलते. ही शंका आमची एकट्याची नाही. १९९२ च्या किहोतो होलोहान प्रकरणात पाचपैकी तीन न्यायमूर्तींनी अध्यक्षांचा अधिकार मान्य केला, पण तो न्यायालयीन पुनर्विलोकनाच्या कक्षेत ठेवला. उरलेल्या दोघांनी असे मत नोंदविले की बहुमतावर अवलंबून असलेला अध्यक्ष या कामासाठी स्वतंत्र न्यायाधिकारी ठरू शकत नाही. पुढे २०२० साली मणिपूरच्या प्रकरणात न्यायालयाने अशा अर्जांचा निर्णय सामान्यतः तीन महिन्यांत व्हावा असे सांगितले आणि हे काम स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे देण्याचा विचार संसदेने करावा, असे सुचविले. ३१ जुलै २०२५ रोजी तेलंगणाच्या प्रकरणात सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाला अध्यक्षांना पुन्हा तीन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली आणि ही व्यवस्था आपला हेतू साधते काय, याचा संसदेने फेरविचार करावा, असे म्हणावे लागले. १९९२ मध्ये अल्पमतात राहिलेल्या दोन न्यायमूर्तींची शंका तीस वर्षांच्या अनुभवाने खरी ठरविली आहे.

फूट मोजावी की तपासावी?

दुसरी कसोटी याहून मूलगामी आहे. संघात मतभेद झाला तर तो केव्हा केवळ संघराजि, म्हणजे तडा, समजावा आणि केव्हा संघभेद समजावा, असा प्रश्न उपालि थेरांनी विचारला आहे. उत्तरात संख्या आहे. एका बाजूस चार, दुसऱ्या बाजूस चार आणि शलाका घ्यावयास लावणारा नववा असल्याखेरीज संघभेद होत नाही. त्याहून कमी असतील तर तो तडा. येथवर दहावी अनुसूची आणि विनय यांत साम्य दिसते. दोघांनीही संख्येची सीमा आखली आहे. पण त्या सीमेचा उपयोग अगदी उलट आहे. विनयात संख्या वाढली की दोषाचे गांभीर्य वाढते. १९८५ च्या अनुसूचीत संख्या वाढली की दोष नाहीसा होत असे. एकाने पक्ष सोडला तर अपराध. एकतृतीयांशांनी मिळून सोडला तर ती मान्यताप्राप्त फूट!

आणि विनय संख्येवरच थांबत नाही. भेद करणारा प्रत्येक जण दुर्गतीलाच जातो काय, असे पुढे विचारले आहे. उत्तर नकारार्थी आहे. जो अधम्म आहे हे जाणून, आपले खरे मत दडवून त्याला धम्म म्हणून सांगतो, तो दोषी. जो आपल्या प्रामाणिक समजुतीने, मत न दडवता बोलतो, तो त्या दोषातून सुटतो. म्हणजे विनयाची कसोटी ही की निघून जाणाऱ्याने आपले मत उघडपणे मांडले की दडवले. देवदत्ताने शलाका वाटून पाचशे नवदीक्षित भिक्खूंना गयासीसाला नेले, ही कथा सर्वांना माहीत आहे. पाचशे ही संख्या लहान नव्हती. पण तेवढ्याने देवदत्ताचे कृत्य निर्दोष ठरले नाही. सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांनी जाऊन धम्मोपदेशाने त्यांना परत आणले. परतलेल्यांना पुन्हा उपसंपदा द्यावी काय, असे विचारले गेले, तेव्हा भगवंतांनी ती आवश्यक मानली नाही. आपत्तीची देसना, म्हणजे दोषाची उघड कबुली, पुरेशी मानली. नेणारा आणि नेले गेलेले यांत भेद केला गेला.

गणराज्ये का पडतात, याविषयीही पालि साहित्य मौन बाळगत नाही. ‘महापरिनिब्बानसुत्ता’त मगधाचा महामात्य वस्सकार हे मान्य करतो की वज्जींना युद्धाने जिंकता येणार नाही. उपलापन आणि मिथुभेद एवढेच मार्ग त्याला उरतात. उपलापन म्हणजे आमिष किंवा भूल. मिथुभेद म्हणजे आपसांत फूट. सभेत वारंवार एकत्र जमणे, एकोप्याने उठणे, ठरलेले नियम न मोडणे हे वज्जींचे बळ होते. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या महामात्याला आजच्या हॉटेलांतील मुक्काम आणि विशेष विमाने समजावून सांगावी लागली नसती.

गणपूरक म्हणजे प्रतोद नव्हे

आता पक्षादेशाकडे वळू. संघातील गणपूरकाला आधुनिक प्रतोदाचा पूर्वज मानण्याची रीत आहे. काशीप्रसाद जायसवाल यांनी १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हिंदू पॉलिटी’ या ग्रंथात हे साम्य दाखविले आणि ते पुढे रूढ झाले. पण शब्द नीट पाहावा. गणपूरक म्हणजे गण पुरा करणारा. त्याचे काम आवश्यक संख्या भरावी, सभा वैध व्हावी, एवढ्यापुरते. आलेल्या भिक्खूने कोणती शलाका उचलावी, हे सांगण्याचा अर्थ त्या शब्दात कोठेही नाही. याउलट प्रतोद या मराठी शब्दाचा मूळ अर्थच जनावर हाकण्याचा चाबूक असा आहे. आपण दोन्ही शब्द एकाच रांगेत बसवतो आणि साम्याच्या आनंदात हा फरक विसरतो.

दहाव्या अनुसूचीने या चाबकाला संविधानाचे बळ दिले. पक्ष कोणत्याही प्रश्नावर आदेश काढू शकतो. पूर्वपरवानगीशिवाय तो मोडणाऱ्याला पंधरा दिवसांत पक्षाने माफ केले नाही, तर आमदारकी किंवा खासदारकी जाते. हा आदेश विश्वासमतासारख्या, सरकारच्या अस्तित्वाशी किंवा पक्षाच्या मूलभूत धोरणाशी निगडित प्रश्नांपुरता मर्यादित असावा, असे किहोतो होलोहानच्या निकालातच म्हटले होते. अनुसूचीत मात्र तसा बदल झालेला नाही.

याचा सर्वांत मोठा भार कोणावर पडतो? महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांपैकी २९ अनुसूचित जातींसाठी आणि २५ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. १९३२ च्या पुणे करारापासून राखीव जागेवरील प्रतिनिधी संयुक्त मतदारसंघातून निवडून येतो. त्याच्या निवडीत ज्यांच्यासाठी जागा राखली त्यांचा शब्द निर्णायक नसतो, हे बाबासाहेबांनी पुढील काळात वारंवार दाखवून दिले. १९८५ नंतर त्यावर दुसरे कुलूप पडले. निवडून आल्यावरही, गायरानाचा प्रश्न असो, शिष्यवृत्तीचा असो किंवा अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या अंमलबजावणीचा असो, पक्षादेश असेल तर त्याने आपल्या समाजाच्या बाजूने हात वर करता कामा नये. पहिली व्यवस्था त्याला निवडताना बांधते, दुसरी मत देताना. पक्षांतरबंदीवरील मराठी लेखनात हा मुद्दा आम्हांस जवळजवळ आढळत नाही. स्थैर्याच्या चर्चेत प्रतिनिधित्वाचा प्रश्न हरवला आहे.

पक्षांतर आणि मतभेद या दोन गोष्टी निराळ्या आहेत. बाबासाहेबांनी १९५१ साली हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावरून मंत्रिपद सोडले आणि आपली कारणे निवेदनाद्वारे लोकांपुढे ठेवली. मत दडवले नाही, पद राखले नाही. विनयाच्या भाषेत हा प्रामाणिक मतभेद होय. आजच्या कायद्याला हा भेद दिसत नाही. तो मतभेदाला पक्षांतराइतकीच शिक्षा देतो आणि पुरेशी संख्या जमली की पक्षांतराला वाट करून देतो.

आक्षेप आणि मर्यादा

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो गंभीर आहे. विनयात शलाकेने मत घेण्याच्या तीन रीती सांगितल्या आहेत : गुप्त, कानात सांगून आणि उघड. गुप्त रीतीत अधम्मवादी संख्येने अधिक आहेत असे आढळले, तर शलाका नीट घेतल्या गेल्या नाहीत असे म्हणून सलाकग्गाहापकाने ते मतदान मागे घ्यावे, असाही नियम आहे. म्हणजे संघातील बहुमत निरपवाद नव्हते. संघ म्हणजे प्राचीन संसद असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हा नियम बहुधा वाचलेला नसतो, किंवा वाचून बाजूला ठेवलेला असतो. आजच्या सभागृहाच्या अध्यक्षाला असा अधिकार दिला तर काय होईल, याची कल्पना करणे कठीण नाही.

हा नियम लपविण्याचे कारण नाही. संघ हे राज्य नव्हते. तेथे कर नव्हता, सैन्य नव्हते, सत्तेची वाटणी नव्हती. सर्वांनी स्वेच्छेने स्वीकारलेला एकच धम्म आणि एकच विनय तेथे होता. म्हणून धम्म कोणता हा प्रश्न तेथे एका सामायिक प्रमाणावर तपासता येत असे. अनेक धर्मांच्या आणि मतांच्या राज्यात असे प्रमाण एका माणसाच्या हाती देता येत नाही. त्यासाठी लिखित संविधान आणि स्वतंत्र न्यायसंस्था लागते. विनयातून आपण नियम जसेच्या तसे उचलू शकत नाही. घेण्याजोगा आहे तो त्यामागील आग्रह : संख्या हे निर्णयाचे साधन आहे, निर्णयाचे समर्थन नव्हे.

बाबासाहेबांची भूमिका याच दिशेची होती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना त्यांनी ग्रीसचा इतिहासकार ग्रोट याच्या आधारे संवैधानिक नीतीची कल्पना विशद केली. ही नीती माणसात उपजत नसते, ती जोपासावी लागते. आणि संविधानाचे एक अक्षरही न बदलता केवळ कारभाराची रीत बदलून त्याचा आत्मा विकृत करता येतो, असा त्यांचा इशारा होता. २०२२ ते २०२४ या काळात दहाव्या अनुसूचीचे एकही अक्षर बदललेले नाही. तरीही पक्षांतर रोखण्यासाठी केलेली अनुसूची पक्षांतराच्या आड आली नाही. त्या इशाऱ्याचे याहून स्पष्ट उदाहरण दुसरे कोणते असेल?

आपल्या दारातील प्रश्न

ही कसोटी इतरांना लावून आपल्याला थांबता येणार नाही. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूर येथे स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाचा इतिहास फुटी आणि ऐक्ये यांचा इतिहास आहे. १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत ऐक्याच्या बळावर प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, रामदास आठवले आणि जोगेंद्र कवाडे हे चौघे महाराष्ट्रातून, तेही सर्वसाधारण मतदारसंघांतून, निवडून आले. ते ऐक्य टिकले नाही. त्या फुटींची कारणमीमांसा आपण बहुधा व्यक्तींच्या स्वभावातून करतो. विनयाचे प्रश्न मात्र निराळे असतील. ठराव मांडला गेला होता काय? विरोधकाला बोलण्याची संधी तीनदा सोडा, एकदा तरी मिळाली काय? मते मोजणारा चार अगतींपासून मुक्त होता काय? जाणाऱ्याने आपले मत उघड मांडले काय? या प्रश्नांची नोंद ठेवणारे कार्यवृत्त आपल्या किती संघटनांकडे आहे?

राजकारणातील भक्ती आणि विभूतिपूजा अधःपाताकडे व अखेरीस हुकूमशाहीकडे नेते, असे बाबासाहेबांनी १९४९ च्या त्याच भाषणात बजावले होते. जेथे भक्ती आहे तेथे शलाका वाटण्याची गरज उरत नाही. आणि शलाका वाटली जात नाही तेथे मतभेदाला फुटीखेरीज दुसरी वाट उरत नाही.

म्हणून आमच्या मते पुढील मागण्या आंबेडकरी विचाराच्या संघटनांनी एकमुखाने केल्या पाहिजेत. अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडून काढून स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे द्यावा आणि त्यासाठी तीन महिन्यांची मुदत कायद्यातच असावी. पक्षादेश विश्वासमत, अविश्वासाचा ठराव आणि अर्थविषयक विधेयके यांपुरताच बंधनकारक असावा, म्हणजे राखीव जागेवरील प्रतिनिधीला आपल्या माणसांच्या प्रश्नावर बोलता आणि मत देता येईल. ज्याला पक्ष सोडावयाचा आहे त्याने कारणे जाहीर करून राजीनामा द्यावा आणि पुन्हा मतदारांसमोर जावे. मग तो एक असो की चाळीस. आणि या मागण्या करण्यापूर्वी, आपल्या विहार समित्यांच्या, शिक्षणसंस्थांच्या आणि पक्षशाखांच्या पुढच्याच बैठकीत ठराव लेखी मांडावा, विरोध करणाऱ्याला पुरते बोलू द्यावे, मतदान घ्यावे, ते मोजण्यासाठी कोणत्याही गटाचा नसलेला माणूस नेमावा आणि हे सर्व कार्यवृत्तात लिहावे. यासाठी संसदेच्या संमतीची वाट पाहावी लागत नाही.